कार्टून आणि संस्कार: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी बालवर्गाला शिकवते. पालकसभा संपली की दोन-चार जण दाराशी रेंगाळतात. सभेत सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटलेला असतो. मग हळूच येतं, "बाई, तो टीव्हीतलं बोलतो हो." किंवा, "घरात आम्ही असं कधीच वागत नाही, हे आलं कुठून?" दाराशी झालेल्या त्या बोलण्यातूनच खालची उत्तरं जमली आहेत. डोळ्यांसमोर साधारण तीन ते नऊ वर्षांची मुलं आहेत. त्याहून मोठ्यांचं प्रकरण वेगळं, त्यात मी शिरत नाही.

कार्टून बघून मुलं खरंच बिघडतात, की आपणच बाऊ करतो?

'बिघडतात' हा शब्द जरा बाजूला ठेवू. मुलं उचलतात, एवढं पक्कं. १९६१ साली अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. एक मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारतंय, हातोड्याने ठोकतंय, हे मुलांना दाखवलं. नंतर मुलांना तोच बाहुला मिळाला, तेव्हा त्यांनी त्याला तसंच बडवलं, कित्येकांनी तर शब्दही तेच वापरले. १९६३ साली हीच मारामारी पडद्यावर दाखवली, एकदा माणसांकडून आणि एकदा मांजराच्या वेशातल्या कार्टूनछाप पात्राकडून. नक्कल तरीही झाली.

यावर आक्षेप घेतले गेले, आणि ते मला बऱ्याच अंशी पटतात. तो बाहुला मुळात ठोसा खाऊन परत उभा राहण्यासाठीच बनवलेला होता, मुलांनी दुसरं काय केलं असतं? बाहुल्याला मारणारं मूल उद्या वर्गातल्या मुलाला मारेलच, असं त्यातून निघत नाही. पण 'असंही करता येतं' ही माहिती एकदा डोक्यात गेली की बाहेर येत नाही. घरात चांगलं वातावरण असलं तरी ती जाते.

पण शेवटी वाईट वागणाऱ्याला शिक्षा होते, धडा मिळतो. मग अडचण काय?

मला विचाराल तर सगळा घोळ इथेच आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

बांडुरांनी १९६५ मध्ये प्रयोग पुढे नेला. काही मुलांच्या फिल्ममध्ये बाहुल्याला मारणाऱ्याला शेवटी शाबासकी मिळाली, काहींच्या फिल्ममध्ये तो ओरडा आणि मार खातो. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी आपणहून नक्कल कमी केली. इथवर आपल्या मनासारखं. मग त्यांना सांगितलं, "त्याने काय काय केलं ते करून दाखव, बक्षीस मिळेल." तेव्हा सगळ्या गटांनी जवळपास सारखंच करून दाखवलं. म्हणजे शिक्षेमुळे वागणं थांबलं, पण शिकणं थांबलं नव्हतं.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. मारी-लुईस मॅरेस यांनी एका सहकारी संशोधिकेबरोबर बालवाडीतल्या मुलांना एका कार्टूनचा भाग दाखवला. त्यात तीन पायांचा एक कुत्रा येतो. बाकीचे कुत्रे आधी त्याला बिचकतात आणि मग दोस्ती करतात. तात्पर्य उघड आहे: वेगळं दिसणाऱ्याला दूर लोटू नका. मुलांना विचारलं, तर बहुतेकांच्या लेखी ती गोष्ट फक्त कुत्र्यांबद्दल होती. २००८ च्या त्या निबंधाच्या शीर्षकाचाच अर्थ 'तीन पायांच्या कुत्र्यांशी प्रेमाने वागा' असा आहे. मुलांनी अगदी प्रामाणिकपणे काढलेलं तात्पर्य तेवढंच होतं.

आता घरचा दाखला. माझा भाचा पाच वर्षांचा असताना आम्ही एकत्र एक कार्टून बघत होतो. एक गुबगुबीत मुलगा झोक्यावर बसतो आणि झोका तुटतो. सगळी टोळी हसते, त्याला नाव पाडते, त्याच्यापासून लपून खेळते. तो रडतो. शेवटी सगळे सॉरी म्हणतात, मिठ्या मारतात आणि गाणं होतं. सवयीप्रमाणे मी घड्याळ लावलं होतं. हसणं आणि चिडवणं मिळून साडेआठ मिनिटं, सॉरी अठ्ठावीस सेकंद. दोन दिवसांनी बागेत भाचा एका मुलाला "ए झोकातोड्या!" म्हणून हाक मारत होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"त्या गोष्टीत शेवटी काय झालं होतं रे?"

जरा विचार करून म्हणाला, "शेवटी गाणं होतं, मावशी."

माफी त्याच्या लक्षातच नव्हती. त्यात त्याचा दोष नाही. बनवणाऱ्यांनी सगळी गंमत, सगळे विनोद, सगळा रंग साडेआठ मिनिटांत ओतला होता आणि संस्कार शेवटी चिकटवला होता. 'डोरेमॉन'च्या बाबतीत पालक म्हणतात, नोबिता आळशी आहे, तर मुलंही तशीच होतील. खरं तर त्या गोष्टींचा साचा आळसाच्या विरोधात जातो: नोबिता यंत्र मागतो, त्याचा भलताच वापर करतो आणि शेवटी त्याची फजिती होते. पण फजिती शेवटच्या मिनिटात आणि यंत्राची धमाल त्याआधी सगळा वेळ. मुलाला त्यातलं यंत्र हवं असतं.

मग एखादं कार्टून बरं की वाईट, हे चटकन कसं ओळखायचं?

शेवट बघू नका. मधून कुठूनही पाच मिनिटं बघा, आणि एकच गोष्ट टिपा: हशा कशावर पिकतो? कुणी धडपडलं, बोबडं बोललं, जाड आहे, चष्मा आहे, म्हणून हसू येत असेल तर त्या कार्यक्रमाने काय शिकवलं ते कळलं. एखाद्या पात्राची युक्ती फसली आणि ते स्वतःवर हसलं, तर तो वेगळा विनोद.

दुसरं, कुणी रडलं की पुढे काय होतं? लगेच दुसरा प्रसंग सुरू होतो, की कुणी थांबून विचारतं? हे बघायची सवय लागली की दोन भागांतच कार्यक्रमाचा स्वभाव समजतो. मोठी माणसं कशी दाखवली आहेत हेही मी बघते. वेंधळा बाबा, सतत ओरडणारी आई, मूर्ख शिक्षिका. शिक्षिकेबद्दल मला जरा जास्तच लागतं, हे कबूल.

मुलगा शिनचॅनसारखा बोलतो, मोठ्यांची टिंगल करतो. काय करू?

आधी एक माहिती: शिनचॅनची मूळ चित्रकथा १९९० साली मोठ्यांच्या मासिकात सुरू झाली. पाच वर्षांच्या पोराने मोठ्यांच्या दुनियेची उडवलेली ती खिल्ली होती, आणि वाचणारेही मोठेच होते. नायक लहान म्हणून कार्यक्रम लहानांचा, असं होत नाही. हे कळलं की पाच वर्षांच्या मुलाला तो रोज का दाखवू नये याचं उत्तर सोपं होतं.

बोलण्याचं म्हणाल, तर पहिल्यांदा हसू नका. अवघड आहे, ठाऊक आहे मला, कारण ते खरंच विनोदी असतं. पण आत्याने फोनवर "पुन्हा बोल ना तसं" म्हटलं, की तो संवाद महिनाभर मुक्कामाला आलाच. रागावूही नका, रागावणंही बक्षीसच ठरतं. शांतपणे म्हणा, "हे तू टीव्हीतल्यासारखं बोललास. आता तुझ्यासारखं बोलून दाखव." माझ्या वर्गात हे वाक्य दहापैकी सात-आठ वेळा चालतं. उरलेल्या वेळी मी दुसरीकडे बघते.

'टॉम अँड जेरी' आम्हीही बघितलं. आमचं काय वाकडं झालं?

फारसं काही नाही. पण तुम्ही किती बघत होतात, हेही आठवा. ठरल्या वेळी लागायचं, संपायचं आणि मग बाहेर पळायचं. आता भाग संपायच्या आत पुढचा सुरू होतो. पदार्थ तोच असला तरी ताटातलं प्रमाण बदललं आहे.

शिवाय ते मुळात १९४० पासून सिनेमागृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवण्यासाठी बनलं. प्रेक्षकांत मोठे आणि लहान दोघंही असायचे. मला त्यातल्या मारामारीपेक्षा एक गोष्ट जास्त खटकते: कुणालाच लागत नाही. डोक्यावर इस्त्री पडते, डोकं इस्त्रीच्या आकाराचं होतं, आणि पुढच्या क्षणी पूर्ववत. सात वर्षांच्या मुलाला ही थट्टा कळते. तीन वर्षांच्या मुलाला वाटतं, उशी समजून धाकट्या बहिणीवर उडी मारली तरी ती सपाट होऊन परत फुगेल. तेव्हा कार्टूनवर बंदी घालण्यापेक्षा वय बघा.

'शैक्षणिक' लिहिलेलं असलं तर निर्धास्त राहायचं ना?

नाही. हे लेबल कुणीही लावू शकतं.

खरोखर अभ्यास करून केलेले कार्यक्रम आहेत. १० नोव्हेंबर १९६९ ला सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट'मध्ये पहिल्यापासून बालविकासाचे अभ्यासक लेखकांच्या बरोबरीने बसत. मुलांचं लक्ष कुठे उडतं हे आधी तपासून मग भाग पक्के होत. 'ब्लूज क्लूज'ने १९९६ मध्ये एकच भाग आठवड्यात पाच दिवस दाखवायची पद्धत आणली. मोठ्यांना कंटाळवाणं वाटतं, पण लहानांना पुन्हापुन्हा बघूनच कळतं. अशी मेहनत करणारे थोडे. बाकीच्यांत अक्षरं, आकडे आणि भडक रंग, झालं शिक्षण.

आणि गंमत अशी, की चांगल्या हेतूच्या कार्यक्रमांनाही वर सांगितलेला शेवटच्या तात्पर्याचा रोग लागतो. २००६ मध्ये बालवाडीच्या वयातल्या मुलांवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की शैक्षणिक कार्यक्रम जास्त बघणाऱ्या मुलांमध्ये 'तू माझी मैत्रीण नाहीस', 'याला खेळात घेऊ नका' असलं वागणं जास्त होतं. संशोधकांचा अंदाज असा, की भांडण मिटवायला शिकवण्यासाठी आधी भांडण दाखवावं लागतं. मुलं भांडण लक्षात ठेवतात आणि मिटणं त्याला जोडत नाहीत.

वेगाचाही विचार करा. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात ६० चार वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना ९ मिनिटं भरधाव कार्टून दाखवलं, काहींना संथ कार्यक्रम, आणि काहींना चित्रं काढायला दिली. लगेच घेतलेल्या चाचण्यांत, म्हणजे वाट बघणं, सूचना लक्षात ठेवणं यांत, भरधाव कार्टूनवाली मुलं मागे पडली. हा परिणाम किती वेळ टिकतो, हे त्यात तपासलेलं नव्हतं. तरी अभ्यासाला किंवा झोपायला बसवण्याआधी असलं कार्टून लावू नये, एवढं शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही.

मुली, काळा-गोरा रंग, जाडेपणा यांबद्दल जे दाखवतात ते मुलांच्या लक्षात येतं का?

येतं, आणि कुणी बोलून न दाखवता येतं. निळ्या बुटक्यांच्या 'स्मर्फ्स'मध्ये कुणी हुशार, कुणी विसराळू, कुणी बलवान, आणि एक 'मुलगी'. बाकीच्यांना स्वभाव, हिला फक्त मुलगी असणं. १९९१ मध्ये अमेरिकी लेखिका काथा पॉलिट यांनी या प्रकाराला त्या मुलीच्याच, म्हणजे स्मर्फेटच्या, नावाने ओळख दिली. एकदा हे दिसलं की जिकडेतिकडे दिसतं: चार मित्र, पाचवी गुलाबी. १९९८ च्या एका अमेरिकी अभ्यासात मुलांच्या कार्टूनमधले खलनायक बरेचदा परक्या ढंगाने इंग्रजी बोलताना आढळले. बोलण्याच्या लकबीवरून माणूस चांगला की वाईट ठरवायचा, हा धडा कुणी मुद्दाम दिला नव्हता.

यावर घरी व्याख्यान देऊ नका. "या गोष्टीत मुली किती आहेत, मोज बरं" एवढंच म्हणा. मोजायला सगळ्यांना आवडतं.

कार्यक्रमातली मूल्यं आमच्या घराच्या विचारांशी जुळत नसतील तर?

तर बंद करा. तुमचं घर, तुमचा रिमोट. पण बंद करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मला हे मुलासाठी घातक वाटतं, की माझ्या सवयीचं नाही म्हणून टोचतंय?

१९७० मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी आयोगाने 'सेसमी स्ट्रीट' दाखवायचं नाही असा ठराव केला. कारण काय, तर त्यात काळी-गोरी माणसं आणि मुलं एकत्र खेळत होती. राज्य अजून त्याला तयार नाही, असं म्हणणं होतं. ही बातमी फुटली, ओरड झाली आणि काही आठवड्यांतच ठराव फिरवावा लागला. त्या मंडळींनाही आपण मुलांच्या संस्कारांचीच काळजी घेतोय असं वाटत असणार. ही गोष्ट मी प्रत्येक पालकाला सांगत नाही. ज्यांचा आवाज फार चढतो, त्यांना सांगते.

मुलाला कारण मात्र द्या. "ते लोक वाईट आहेत" हे कारण झालं नाही. "आपल्या घरी आपण असं वागतो, त्यांच्या घरी तसं वागतात" हे चार वर्षांच्या मुलालाही समजतं.

कार्टून बघितलं की त्यातली खेळणी, दप्तर, सगळं हवं असतं. हाही संस्कारच ना?

हो, आणि कित्येकदा तोच मूळ हेतू असतो. 'ही-मॅन'ची खेळणी १९८२ मध्ये बाजारात आली आणि कार्टून आलं १९८३ मध्ये. क्रम बघा. कार्यक्रम खेळण्याची जाहिरात म्हणून निघाला आणि पुढे तोच धंद्याचा साचा झाला.

साधारण आठ वर्षांच्या आतल्या मुलांना जाहिरात आपल्याला काहीतरी विकायला बघते आहे हे नीट उमगत नाही, असा अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या तज्ज्ञगटाचा २००४ चा निष्कर्ष आहे. स्वीडनने १९९१ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिराती करायला मनाई केली. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १३ वर्षांखालच्यांसाठी अशी बंदी १९८० पासूनच आहे. बाकीच्यांनी घरातच 'जाहिरात पकड' हा खेळ खेळावा: जो आधी "जाहिरात!" ओरडेल त्याला एक गुण. सहा वर्षांची मुलं यात आईबाबांना हरवतात.

किती वयापासून, किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं म्हणणं: दोन वर्षांच्या आत अजिबात नाही, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नाही, कमी असेल तितकं बरं. दोन-अडीच वर्षांच्या आतलं मूल पडद्यावरून फारच कमी शिकतं, तीच गोष्ट समोरच्या माणसाने दाखवली तर पटकन शिकतं. तेव्हा एवढ्या लहानाला 'संस्कारी' कार्टून लावून काही साधत नाही.

सोबत बसून बघा म्हणतात. तेवढा वेळ कुणाला आहे?

पूर्ण वेळ नका बसू. मीही बसत नाही, टीव्ही लावतो तेच मुळी आपली कामं उरकायला. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं पुरतात, फक्त ती मधली दहा मिनिटं असू द्या.

करायचं एवढंच, की प्रसंग ऐन रंगात असताना थांबवायचं. संपल्यावर विचाराल तर "मजा आली" याखेरीज हाती काही लागत नाही. मॅरेस यांनीच २०१० मध्ये दाखवलं, की लहान प्रेक्षकांना कार्यक्रमातला संदेश कळायला मदत लागते आणि तीही गोष्ट चालू असताना. झोका तुटलाय, सगळे हसताहेत, तिथेच थांबवा. "त्याचा चेहरा बघ. आत्ता त्याच्या पोटात काय होत असेल?" मूल म्हणेल, "लाव ना!" लगेच लावा. उत्तर मिळालंच पाहिजे असं नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते आपणहून सांगतं. माझ्या भाच्याने एकदा रिमोट माझ्या हातून घेतला, स्वतः थांबवलं आणि म्हणाला, "मावशी, हा आता खोटं बोलणार आहे. आधीच सांगतो, ते चांगलं नाही. आता बघू दे."

आजी-आजोबा दिवसभर टीव्ही लावून ठेवतात. त्यांना कसं सांगायचं?

दिवसभर मूल सांभाळणाऱ्या सत्तरीच्या माणसाला नियमांचा कागद देऊ नका. त्यांनाही दोन घटका पाठ टेकायची असते. तीन कार्यक्रम तुम्ही निवडून द्या आणि आपोआप पुढचं लागण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. २०१७ मध्ये यूट्यूबवर लहानांच्या लाडक्या पात्रांचे चेहरे वापरून केलेले हिंसक, किळसवाणे व्हिडिओ हजारोंनी सापडले होते आणि कंपनीला ते काढावे लागले. चष्मा काढून बसलेल्या आजीला खऱ्या-खोट्यातला फरक कळावा अशी अपेक्षा चुकीची आहे. आणि आजीला एवढं जरूर सांगा, की बातम्या आणि सासू-सुनांच्या मालिका मूल खेळता खेळता ऐकत असतं. कट-कारस्थानं कार्टूनमध्ये कमी आणि तिथे जास्त आहेत.

सरळ सगळं बंद केलं तर?

करून बघा. लहान असेल तर जमेल. शाळेत जाऊ लागल्यावर मधल्या सुट्टीत सगळे एकाच कार्टूनचा खेळ खेळत असतात आणि तुमच्या मुलाला पात्रांची नावंही माहीत नसतात, तेव्हा तो कोपऱ्यात बसलेला मी पाहिला आहे. मी त्याला नावं शिकवली. आईला सांगितलं नाही, आता हे वाचून कळेल.

एखादा भाग खरोखर आक्षेपार्ह वाटला तर तक्रारीचा उपयोग होतो का?

होतो, मुद्दा नेमका असेल तर. ब्रिटनमध्ये २००६ साली एकाच प्रेक्षकाने 'टॉम अँड जेरी'च्या दोन भागांतल्या धूम्रपानाबद्दल नियामकाकडे तक्रार केली. त्यावरून प्रसारकाने आपली दीड हजारांवर जुनी कार्टून तपासली आणि धूम्रपान आकर्षक वाटेल अशी दृश्यं कापायचं ठरवलं. 'पेपा पिग'मध्ये सुरुवातीला गाडीत कुणी सीटबेल्ट लावत नसे. पालकांनी बोट दाखवलं, पुढे पात्रं बेल्ट लावू लागली. त्याच मालिकेतला कोळ्याला घाबरू नका असं सांगणारा भाग ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये मागे घेतला गेला, कारण तिथले काही कोळी खरोखरच जीवघेणे असतात. ब्रिटनमध्ये शहाणा असलेला तोच सल्ला ऑस्ट्रेलियात धोकादायक ठरला.

"संस्कृतीवर घाला" असं लिहिलं, तर पत्र फायलीत जातं. कार्यक्रमाचं आणि भागाचं नाव, चॅनल, दिवस, वेळ, कितव्या मिनिटाला काय दिसलं, कुठल्या वयाची खूण लावली होती आणि तुमच्या मुलाने त्यावर काय केलं, एवढं दहा ओळींत लिहा. आधी चॅनलला पाठवा, महिनाभरात उत्तर नाही आलं तर त्याची प्रत जोडून वरच्या नियामकाला.